आकड्यांचा फलक कसा वाचावा



आपल्या रुग्णालयाच्या अहवालातील तक्ते आपण वर्षानुवर्षे वाचत आला आहात. बाह्यरुग्ण विभागात किती रुग्ण तपासले गेले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती गरजूंना सवलत मिळाली, याची ती नोंद असते. तिचे महत्त्व आहेच. परंतु वर्षअखेरीस मांडलेला तक्ता म्हणजे पीक खळ्यावर आल्यानंतरची मोजदाद होय; ऐन पावसाळ्यात शेताकडे पाहण्याचे काम तिने होत नाही. श्रावणात पुरुष वॉर्डात खाटा अपुऱ्या पडल्या, हे पुढच्या वर्षीच्या अहवालात छापून आल्याने त्या श्रावणातील रुग्णाचे काहीच भले होत नाही. या विचाराने आम्ही अधीक्षकांच्या दालनात एक संगणकीय फलक बसविला असून रुग्णालयाच्या कामाचे काही निवडक आकडे त्यावर रोजच्या रोज दिसतात. भेटीस आलेल्या एका ज्येष्ठ हितचिंतकांनी तो पाहून आम्हांस सरळच विचारले, ‘‘या खर्चात दोन खाटा आल्या नसत्या का?’’ प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर तोंडी देण्यापेक्षा सर्वांसमोर सविस्तर मांडावे, म्हणून हा लेख.

अशा फलकास इंग्रजीत ‘डॅशबोर्ड’ म्हणतात. हा शब्द मूळचा घोडागाडीचा. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली फळी, ती डॅशबोर्ड. पुढे मोटारी आल्या, त्या जागी वेग आणि पेट्रोल दाखविणारे काटे बसले आणि फळीचे नाव काट्यांना चिकटले. उद्योगधंद्यांत विक्री, नफा, शिल्लक माल दाखविणाऱ्या फलकांनाही तेच नाव मिळाले. १९९२ साली अमेरिकेतील रॉबर्ट कॅप्लान आणि डेव्हिड नॉर्टन यांनी, केवळ पैशांचे आकडे पाहून संस्था चालविणे पुरेसे नाही, ग्राहक, अंतर्गत कार्यपद्धती आणि शिक्षण यांचीही मापे शेजारी हवीत, असे मांडले. आज रुग्णालये जे फलक वापरतात, त्यांच्यामागे हा विचार बराचसा आहे.

मात्र रुग्णालयांनी हे सारे उद्योगजगताकडून उसने घेतले, असे समजणे चुकीचे ठरेल. क्रिमियन युद्धात १८५४ च्या नोव्हेंबरात फ्लोरेन्स नाइटिंगेल स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. तेथे सैनिक जखमांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात टाळता येण्याजोग्या रोगांनी दगावत होते. १८५५ च्या वसंतात स्वच्छता आयोगाने गटारे साफ करविली, हवा खेळती केली, आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. नाइटिंगेलबाईंनी हे महिनावार आकडे १८५८ मध्ये रंगीत चक्राकार आकृतीत मांडले. रोगाने झालेले मृत्यू एका रंगात, जखमांचे दुसऱ्या रंगात. कोष्टके वाचण्याचा कंटाळा असलेल्या मंत्र्यालाही एका दृष्टिक्षेपात उमगावे, हा त्यामागील हेतू होता. आमच्या परिचारिका ज्यांच्या नावाने सेवेची शपथ घेतात, त्या आकडेशास्त्रातही अधिकारी होत्या, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

आता मूळ विषयाकडे वळू. प्रत्येक आकडा निर्देशक होत नाही. ‘या महिन्यात इतके केस पेपर निघाले’ ही केवळ मोजणी झाली. निर्देशकाला अंश असतो तसा छेदही असावा लागतो, आणि तो पाहून कोणीतरी काहीतरी करू शकेल असा असावा लागतो. समजा, एका रुग्णालयात २०० खाटा आहेत. तीस दिवसांच्या महिन्यात ६,००० खाट-दिवस उपलब्ध झाले. त्यांपैकी ४,५०० दिवस खाटांवर रुग्ण होते, तर खाटांचा वापर ७५ टक्के. त्या महिन्यात १,००० रुग्ण बरे होऊन घरी गेले असतील, तर सरासरी मुक्काम साडेचार दिवसांचा. हाच मुक्काम चार दिवसांवर आला, तर तेवढ्याच खाट-दिवसांत १,१२५ रुग्णांची सोय होते. एकही नवी खाट न घेता १२५ रुग्ण अधिक! आमच्या हितचिंतकांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर या हिशेबात आहे. तपासणीचा अहवाल वेळेवर न आल्याने, किंवा सुटीचा कागद दुपारपर्यंत तयार न झाल्याने रुग्ण एक दिवस विनाकारण अडकून राहतो, त्याचा खर्च त्याच्या घरच्यांना आणि खाटेचा तुटवडा दुसऱ्या रुग्णाला सोसावा लागतो.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग मात्र एवढा सरळ नाही. मुक्काम कमी करण्याचा सोपा उपाय म्हणजे रुग्णाला लवकर घरी धाडणे. दूरच्या पाड्यावरून आलेल्या बाळंतिणीला, जिच्या घरापासून डांबरी रस्ताच तासाभराच्या चालीवर आहे, तिला शहरातल्या बाळंतिणीइतक्याच दिवसांत सोडणे म्हणजे आकड्याची सेवा, रुग्णाची नव्हे. म्हणून मुक्कामाचा आकडा आम्ही फलकावर कधीही एकटा ठेवत नाही. सुटी मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत त्याच तक्रारीसाठी किती रुग्णांना परत दाखल व्हावे लागले, हा आकडा त्याच्या शेजारी असतो. पहिला खाली येत असता दुसरा वर चढू लागला, तर आम्ही समजतो की कोठेतरी घाई होत आहे.

छेद बदलला की चित्र कसे बदलते, याचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. लघवीची नळी घातलेल्या रुग्णांना होणारा जंतुसंसर्ग केवळ संख्येने मोजला, तर गर्दीच्या अतिदक्षता विभागाची नेहमीच बदनामी होईल. म्हणून तो दर १,००० नळी-दिवसांमागे मोजतात. १,५०० नळी-दिवसांत तीन रुग्णांना संसर्ग झाला, तर दर दोन. या मापाचा आणखी एक लाभ असा की, ‘या रुग्णाला नळीची आज खरोखर गरज आहे का?’ हा प्रश्न रोज विचारला जातो; कारण नळी-दिवस मोजणारी सिस्टर रोज प्रत्येक खाटेपाशी जाते.

आता आम्हांस आमच्या एका चुकीची कबुली द्यावयाची आहे. फलकावर आरंभापासून बाह्यरुग्ण विभागातील प्रतीक्षेचा काळ होता. केस पेपर निघाल्यापासून डॉक्टरांनी तपासेपर्यंतचा वेळ संगणक आपोआप नोंदवीत असे. काही महिन्यांत तो आकडा समाधानकारकरीत्या उतरला, विश्वस्तांच्या बैठकीत त्याचे कौतुकही झाले. पुढे एका सकाळी आमच्या समाजसेवा विभागातील कार्यकर्त्या पहिल्या एस.टी.ने आल्या, तेव्हा फाटकाबाहेर रांग लागलेली त्यांना दिसली. म्हातारी माणसे, कडेवर मुले, जमिनीवर अंथरलेली गोणपाटे. चौकशी करता कळले की, खिडकीवरील कर्मचाऱ्यांनी केस पेपर टप्प्याटप्प्याने देण्याची पद्धत सुरू केली होती. आतील डॉक्टर मोकळे होतील तसतसा कागद निघे. त्यात त्यांचा कपटभाव नव्हता. आम्हीच त्यांना आकडा खाली आणण्यास सांगितले होते आणि त्यांनी तो आणला. रुग्णाची प्रतीक्षा मात्र तसूभरही घटली नव्हती. ती आतल्या बाकावरून बाहेरच्या धुळीत गेली होती, आणि तेथे संगणक नव्हता.

हे केवळ आमच्याच बाबतीत घडले असे नाही, परंतु त्याने आमची जबाबदारी कमी होत नाही. इंग्लंडमध्ये तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णाचा निकाल चार तासांत लागावा असे लक्ष्य सरकारने ठरविले, तेव्हा अनेकांची प्रतीक्षा खरोखर कमी झाली. मात्र दाखल करावयाच्या रुग्णांची फार मोठी संख्या चार तास पुरे होण्याच्या अगदी शेवटच्या मिनिटांत हलविली जाते, असेही आकड्यांतून दिसून आले. त्याहून गंभीर प्रकार स्टॅफर्ड येथील रुग्णालयात घडला. २००५ ते २००९ या काळात तेथील रुग्णांची झालेली हेळसांड पुढे उघडकीस आली. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या २०१३ च्या चौकशी अहवालाने, संस्थेचे चालक आर्थिक ताळमेळ आणि ठरवून दिलेली लक्ष्ये यांत गुंतले आणि रुग्णांच्या व नातलगांच्या तक्रारी त्यांच्या कानांवर पडूनही पोहोचल्या नाहीत, असे दाखवून दिले. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात जे निरीक्षण नोंदविले, त्याचा आशय हाच की, एखाद्या मापाला लक्ष्य बनविले की ते माप म्हणून निकामी होऊ लागते.

फाटकावरील त्या प्रसंगानंतर आम्ही दोन बदल केले. प्रतीक्षेची वेळ आता रुग्ण फाटकातून आत येतो तेथून मोजली जाते. पहारेकरी वेळेचा शिक्का मारलेला टोकन देतो. आणि सरासरी काढणे आम्ही सोडले. नऊ रुग्णांना वीस मिनिटे थांबावे लागले आणि दहाव्याला चार तास, तर सरासरी बेचाळीस मिनिटांची येते. बेचाळीस मिनिटे त्यांपैकी कोणीच थांबलेले नसते, आणि तो दहावा रुग्ण तर सरासरीत पार विरघळून जातो. आता फलकावर ‘दोन तासांहून अधिक थांबलेले रुग्ण’ असा स्वतंत्र आकडा आहे. तो पाहणे सुखावह नाही.

काही आकडे वाढले तर आनंद मानावा लागतो, हेही येथे सांगितले पाहिजे. खाटेवरून किंवा न्हाणीघरात रुग्ण पडण्याच्या घटना आम्ही नोंदवू लागलो, तेव्हा पहिल्या काही महिन्यांत त्यांची संख्या चढतच गेली. विश्वस्तांपैकी एकांनी चिंता व्यक्त केली. आमच्या अधिसेविकांनी त्यांस समजावून सांगितले की, पडणे वाढलेले नाही, सांगणे वाढले आहे. नोंद केल्याबद्दल कोणाही परिचारिकेस जाब विचारला जाणार नाही, अशी हमी दिली होती, तिचा तो परिणाम. औषध देण्यातील चुकांचेही तसेच. ज्या वॉर्डातून महिनोन्‌महिने शून्य चुका कळविल्या जातात, तेथे आम्ही आधी जाऊन पाहतो.

त्याचप्रमाणे एखाद्या महिन्याचा आकडा थोडा वरखाली झाला म्हणून शाबासकी किंवा कानउघाडणी करण्यात अर्थ नसतो. वॉल्टर श्यूहार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये कारखान्यातील उत्पादनासाठी नियंत्रण आलेखाची पद्धत सुचविली. नेहमीच्या चढउताराच्या मर्यादा त्यावर आखलेल्या असतात, आणि रेषा त्यांच्या बाहेर गेली तरच विशेष कारण शोधावे, असा तिचा संकेत. आमच्या फलकावरही अशा रेषा आहेत.

देणगीदारांस सर्वाधिक जवळचा वाटेल असा निर्देशक आम्ही शेवटी घेत आहोत. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये, तसेच मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार, आमच्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात; एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. या खाटांचा वापर फलकावर येऊ लागला, तेव्हा त्यांतील काही खाटा रिकाम्या राहतात असे दिसले. गरीब रुग्णच नाहीत, असा त्याचा अर्थ काढणे सोपे होते. सर्वसाधारण वॉर्डातून चौकशी केली असता निराळेच आढळले. कोणाजवळ तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला नव्हता, कोणाची शिधापत्रिका गावी राहिली होती, तर कित्येकांना अशी काही योजना आहे हेच ठाऊक नव्हते. ते दागिना मोडून बिल भरण्याच्या तयारीत होते. म्हणून आम्ही आता आणखी एक गोष्ट मोजतो: सवलतीची विचारणा केलेल्या रुग्णांपैकी किती जणांना ती कागदाअभावी नाकारली गेली. हा आकडा शून्यावर यावा अशी आमची खटपट आहे. अद्याप तो आलेला नाही. निर्धन रुग्ण निधीतील जमा, खर्च आणि शिल्लक मात्र दर महिन्यास फलकावर येते, आणि शिल्लक वाढू लागली तर आम्ही ती काटकसर समजत नाही.

फलकाच्या खर्चाविषयी थोडे. संगणक आणि पडदा रुग्णालयात होताच. खर्च झाला तो मुख्यत्वे नोंदी एकत्र करण्याच्या कामावर. आरंभी आम्ही हौसेने चाळीसहून अधिक आकडे त्यावर चढविले होते. इतके कोणी पाहत नाही, असे लवकरच ध्यानात आले. ज्या आकड्याकडे पाहून तीन महिन्यांत कोणीही काहीही केले नाही, तो उतरवावा असा नियम आम्ही केला असून सध्या बाराच उरले आहेत.

त्यांपैकी प्रतीक्षा, राखीव खाटांची उपलब्धता आणि निर्धन रुग्ण निधी यांचे आकडे बाह्यरुग्ण विभागाच्या प्रवेशद्वारापाशी मराठीत लिहून लावले जातात. ते रोज सकाळी नऊ वाजता बदलतात. रुग्णांच्या आप्तांस विनंती की, फाटकावर टोकन मिळाले नाही, किंवा त्यावरील वेळ चुकीची वाटली, तर समाजसेवा विभागाच्या खिडकीवर तसे सांगावे. तेथे त्यासाठी एक वही ठेवलेली आहे. लिहिता येत नसल्यास खिडकीवरील कार्यकर्त्या लिहून घेतील, आणि ती वही विश्वस्त मंडळाच्या प्रत्येक बैठकीत, फलकावरील आकडे वाचण्यापूर्वी, वाचली जाते.