उष्णतावाहक लेपासंबंधी थोडेसे

संगणकाच्या प्रोसेसरवर कूलर बसविताना दोहोंच्या मध्ये जो करड्या रंगाचा मऊ पदार्थ घालतात, त्यास ‘थर्मल पेस्ट’ अशी संज्ञा रूढ आहे. ही संज्ञा काहीशी फसवी होय. ‘पेस्ट’ म्हटले की चिकटविण्याची खळ आठवते. मराठीत ‘लेप’ म्हणावे, तर जाड थर डोळ्यांपुढे येतो. वस्तुतः या पदार्थाचे कार्य चिकटविण्याचे नव्हे व आच्छादण्याचेही नव्हे. ते सुताराच्या लांबीप्रमाणे खाचा बुजविण्याचे आहे.

धातूचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत भासले, तरी सूक्ष्मतः ते खडबडीतच असतात. ते एकमेकांवर ठेविले असता मधल्या पोकळ्यांत हवा राहते. तांब्याची उष्णतावाहकता दर मीटर-केल्विनला सुमारे ४०० वॅट, तर हवेची अवघी ०.०२६ वॅट आहे. चांगल्या लेपाची साधारणतः ४ ते १२ वॅट असते. अर्थात तो हवेहून शेकडो पटींनी सरस, परंतु तांब्याहून पुष्कळच उणा ठरतो. म्हणून त्याचा थर हवा घालविण्यापुरताच असावा, हे ओघानेच आले.

प्रस्तुत लेखकाने मात्र ‘लेप’ या शब्दाच्या नादी लागून, बोलींच्या ध्वनिमुद्रणांचे विश्लेषण करणाऱ्या विभागातील यंत्रावर, जुन्या वाळलेल्या थरावरच नवा थर थापला. परिणामी प्रोसेसर तापून आत्मरक्षणार्थ आपली गती कमी करू लागला व दोन तासांचे काम संध्याकाळपर्यंत रेंगाळले.

योग्य रीत अशी : प्रथम यंत्र थोडा वेळ चालवून लेप कोमट होऊ द्यावा. नंतर वीजपुरवठा तोडून कूलर किंचित डावीउजवीकडे फिरवीत सोडवावा. सरळ ओढल्यास काही प्रकारचे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतात. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजविलेल्या, तंतू न सोडणाऱ्या फडक्याने पुसून कोरडे करावेत. मध्यभागी वाटाण्याएवढा थेंब ठेवावा. तो कूलरच्या दाबानेच पसरतो. कूलर सरळ टेकवून समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत, म्हणजे दाब सर्वत्र सारखा राहतो. एकदा टेकविलेला कूलर उचलून पाहू नये. उचलल्यास मध्ये हवा शिरते व सारे पुसून पुन्हा आरंभ करावा लागतो.

याप्रमाणे केल्यावर आमचे यंत्र पूर्ववत चालू लागले. नावावरून वस्तूचे कार्य ठरविण्याची घाई भाषेच्या अभ्यासकाने तरी करू नये, हा बोध त्याबरोबर पदरी पडला.