शोभेची तार
वाकडे दात सरळ करण्याची तार इंडोनेशियात संपन्नतेचीही खूण ठरली. साहजिकच तेथे शोभेच्या, काढता-घालता येणाऱ्या तारा निघाल्या. परंतु तारेला हेतू कळत नाही. दातावर सौम्य दाब सतत पडत राहिला, की त्याच्या एका बाजूचे हाड विरते, दुसऱ्या बाजूस नवे घडते आणि दात महिन्याला सुमारे १ मिलिमीटर सरकतो. कोणत्या दिशेने, हे दंतवैद्य ठरवितो. शोभेच्या तारेला असा नियंता कोठला? शिवाय तिच्याखाली अन्नकण साचतात, सुटलेला तुकडा घशातही जाऊ शकतो. तेथील २०१४ च्या आरोग्य-नियमांनी ‘तुकांग गिगी’ म्हणविणाऱ्या दंतकारागिरांस केवळ काढता-घालता येणारी कवळी बनविण्याची मुभा दिली. तार बसविण्याची नाही.