जीवाणूंचे आत्मसंरक्षण आणि विहिरीचे शुद्धीकरण

पावसाळ्यात पेडणे व डिचोली तालुक्यांतील विहिरी तुडुंब भरतात. भोवतालचे गढूळ पाणी त्यांत उतरते व त्याबरोबर रोगजंतूही शिरतात. पेडण्यात चांदेल येथील केंद्रात शुद्ध झालेले पाणी नळाने येते. विहिरीच्या पाण्यात मात्र ब्लीचिंग पावडर टाकावी लागते. ती किती टाकावी, याला महत्त्व का आहे, हे जीवाणूंच्या अंतर्गत व्यवस्थेवरून ध्यानात येते.

ब्लीचिंग पावडरीतील क्लोरीन जीवाणूच्या घटकद्रव्यांचे ऑक्सिडीकरण करतो. हा हल्ला जीवाणूंना अपरिचित नाही. प्राणवायूवर जगणाऱ्या प्रत्येक पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड व सुपरऑक्साइड ही दाहक द्रव्ये अल्प प्रमाणात निर्माण होतच असतात. पेशीतील लोहाशी पेरॉक्साइडचा संयोग झाल्यास त्याहूनही विध्वंसक द्रव्य उत्पन्न होऊन जनुकांचे धागे तुटतात.

या संकटाशी जीवाणू कसा सामना करतो, याचा अभ्यास प्रामुख्याने मानवी आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूवर झाला. पाण्यात तो आढळणे हे मैला मिसळल्याचे लक्षण मानले जाते. १९८५ साली अमेरिकेतील ब्रूस एम्स यांच्या प्रयोगशाळेने साल्मोनेला या जीवाणूच्या अभ्यासातून 'ऑक्सी-आर' या नियंत्रकाचा शोध प्रसिद्ध केला. हे एक प्रथिन असून त्यात गंधकयुक्त असे दोन विशिष्ट घटक असतात. पेरॉक्साइड वाढताच या दोन घटकांत बंध जुळतो, प्रथिनाचा आकार पालटतो व ते संरक्षक जनुकांना कार्यान्वित करते. मग पेरॉक्साइडचे विघटन करणारी कॅटलेजसारखी विकरे तयार होतात. दुसरे एक प्रथिन जनुकांना बिलगून लोह बंदिस्त करते. सुपरऑक्साइडसारख्या संकटासाठी 'सॉक्स-आर' हा निराळा नियंत्रक असून त्यात लोह व गंधक यांचा संवेदनशील समूह असतो.

ही सामग्री जीवाणू सदैव सज्ज का ठेवीत नाही? कारण ती निर्माण करण्यास शक्ती खर्ची पडते. म्हणूनच ऑक्सी-आरच्या आज्ञेने तयार होणाऱ्या पदार्थांतच तो बंध सोडविणारे प्रथिनही असते. संकट ओसरले की यंत्रणा आपोआप थांबते.

यात व्यवहाराला उपयुक्त असा एक धडा आहे. प्रयोगशाळेत ई. कोलायला प्रथम पेरॉक्साइडची सौम्य मात्रा दिली असता, एरवी मारक ठरणारी मोठी मात्राही तो नंतर सहन करतो, असे दिसून आले आहे. अपुरा हल्ला शत्रूला सावध करतो. शुद्धीकरणाची मात्रा पहिल्याच वेळी पुरेशी असावी, हे यावरून उघड होते.

विहीर गोल असल्यास तिचा व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला पाण्याच्या खोलीने व ०.७८५ ने गुणावे. येणारी संख्या घनमीटर दर्शविते. स्वच्छ पाण्यासाठी दर घनमीटरला, म्हणजे १,००० लिटरला, सुमारे २.५ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर लागते. ३ मीटर व्यासाच्या व २ मीटर पाणी असलेल्या विहिरीस सुमारे ३५ ग्रॅम पुरते. गढूळ किंवा लोहयुक्त पाणी क्लोरीन शोषून घेते. अशा पाण्याला अधिक मात्रा लागते. डिचोलीच्या लोहखनिजाच्या पट्ट्यात ही बाब विशेष ध्यानात ठेवावी. उघड्या डब्यातील पावडरीची शक्ती घटते, म्हणून डबा घट्ट बंद ठेवावा.

पावडर बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्यावा व वरचे निवळ पाणी विहिरीत मिसळावे. निदान एक तास पाणी उपसू नये. त्यानंतर चाचणीत लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आढळल्यास मात्रा पुरेशी समजावी. न आढळल्यास आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्याने ती त्वरित वाढवावी. चिमूटभर पावडर अंदाजाने टाकून निश्चिंत राहणे कुटुंबाच्या आरोग्यास घातक ठरू शकते.