खांदेरी
महाराष्ट्र राज्याच्या रायगड जिल्ह्यातील (अलिबाग तालुका) इतिहासप्रसिद्ध बेट व जलदुर्ग. थळ गावाच्या किनाऱ्यापासून सु. ५ किमी. अंतरावर, मुंबई बंदराच्या मुखाच्या दक्षिणेस ते वसले आहे. बंदरात ये-जा करणारी जहाजे येथून न्याहाळता येत असल्याने सतराव्या शतकात या लहानशा बेटास युद्धकालीन टेहळणी ठाण्याचे महत्त्व प्राप्त झाले.

रडारपूर्व काळात सागरी हल्ल्याची पूर्वसूचना निरीक्षकाची उंची व नजर यांवर अवलंबून असे. पृथ्वीच्या वक्रतेमुळे २५ मी. उंचीवरून समुद्राचे क्षितिज सु. १८ किमी. अंतरावर दिसते, मात्र तितक्याच उंचीच्या शिडाचे टोक, हवा स्वच्छ असल्यास, सु. ३६ किमी. अंतरावरून दृष्टीस पडू शकते. दुसऱ्या महायुद्धात किनारी रडार केंद्रांसाठी उंचवटे व बेटे निवडण्यामागेही हेच तत्त्व होते; रडारला अंधार व धुके यांचा अडथळा मात्र नव्हता.

शिवाजी महाराजांनी १६७२ मध्ये खांदेरीच्या तटबंदीचा प्रयत्न केला. तथापि इंग्रज व जंजिऱ्याचा सिद्दी यांच्या विरोधामुळे तो तडीस गेला नाही. ऑगस्ट १६७९ मध्ये मायनाक भंडारी याने काम पुन्हा हाती घेतले. बेट मराठ्यांच्या हाती गेल्यास मुंबईचा व्यापार त्यांच्या नजरेखाली व तोफांच्या धाकात येईल, हे ओळखून इंग्रजांनी नाकेबंदी केली. सप्टेंबरमधील चकमकीत लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी दौलतखानाच्या आरमाराशी झालेल्या लढाईत मराठी आरमारास माघार घ्यावी लागली. तरीही हलक्या, चपळ होड्या रात्री उथळ पाण्यातून रसद पोहोचवीत राहिल्या. इंग्रजांच्या अवजड जहाजांना त्या रोखता आल्या नाहीत. केवळ टेहळणीची जागा मिळवून भागत नाही, तिचा किनाऱ्याशी संपर्क टिकवावा लागतो, हे यातून स्पष्ट होते. १६८० च्या प्रारंभी सिद्दीने खांदेरी व किनारा यांदरम्यानच्या उंदेरी बेटावर ठाणे वसविले. इंग्रजांनी मात्र तडजोड करून माघार घेतली.

१७१३ च्या तहानुसार खांदेरी कान्होजी आंग्रे यांच्याकडे राहिले. १७१८ मधील इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवून लावला. पेशवाईच्या अखेरीस, १८१८ मध्ये, बेट इंग्रजांकडे गेले. तेथे १८६७ मध्ये दीपगृह उभारण्यात आले. ज्या उंचवट्यावरून शत्रूची जहाजे हेरली जात, तेथूनच सर्व जहाजांना मार्गदर्शन होऊ लागले. या दीपगृहास कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिलेल्या मराठ्यांच्या बारा दुर्गांत खांदेरीचा समावेश आहे.