लेफ्ट हँड जीप: फिरवायची की ठेवायची?

चाकण-भोसरी पट्ट्यात स्टिअरिंगचे भाग बनवण्यात माझी सगळी नोकरी गेली. आता पिंपळे सौदागरमध्ये कोकणे चौकाजवळ राहतो आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये ‘गाडीतलं कळणारे काका’ म्हणून ओळखला जातो. इलेक्ट्रिक गाडी घेऊ का, हे विचारणारे पुष्कळ आणि त्यांना सल्ला देणारेही पुष्कळ. पण अधूनमधून हिंजवडीत आयटीत काम करणारा एखादा तरुण वेगळाच प्रश्न घेऊन येतो. गावाकडच्या वाड्यात आजोबांची जीप निघालेली असते, स्टिअरिंग डावीकडे. “काका, उजवीकडे घेऊ का? गॅरेजवाला म्हणतोय, आठ दिवसांचं काम आहे.”

गॅरेजवाला खोटं बोलत नाही. जुन्या जीपइतकी साधी गाडी दुसरी नाही, तिची बाजू खरंच फिरवता येते. पण ‘फिरवता येते’ आणि ‘फिरवावी’ यांच्यामध्ये तीन गोष्टी आहेत: गाडीचा कागद, गाडीचा रस्ता आणि गाडीचं लोखंड. त्या याच क्रमाने तपासायच्या. लोक नेमके उलट जातात, आधी स्पॅनर हातात घेतात.

डावं स्टिअरिंग आपल्याकडे आलं कसं?

जीप अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या चालतात, म्हणून चालक डावीकडे. युद्ध संपलं तेव्हा यातल्या बऱ्याच गाड्या भारतातच राहिल्या आणि लष्करी डिस्पोजलमधून लोकांच्या हाती आल्या.

दुसरी वाट मुंबईची. कैलासचंद्र महिंद्र युद्धकाळात वॉशिंग्टनमध्ये भारताच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख होते. तिथे त्यांना या गाडीचं मोल कळलं. १९४५ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या कंपनीने १९४७ मध्ये ओहायोतल्या टोलिडो शहरातल्या विलीज कंपनीच्या जीप इथे आणून जोडायला घेतल्या. सुटे भाग खोक्यांतून यायचे. स्टिअरिंगचं चाक डावीकडे, तसंच जोडलं जायचं. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी आली. इंजिनाचे इनलेट व्हॉल्व्ह वर गेल्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेट वर सरकवावं लागलं. आजही गॅरेजात तिला ‘हाय बॉनेट’ म्हणूनच ओळखतात. जुन्या हिंदी-मराठी सिनेमातला फौजदार डावीकडे बसून जीप हाकताना दिसतो, तो याच घराण्यातल्या गाडीत.

पुढे हे चक्र उलटंही फिरलं. २०१८ मध्ये महिंद्रने ‘रॉक्सर’ ही जीपच्या वळणाची गाडी अमेरिकेत आणली. सुटे भाग इथून गेले, जोडणी मिशिगनमधल्या ऑबर्न हिल्समध्ये झाली. चाक अर्थातच डावीकडे.

कायदा काय म्हणतो

डाव्या स्टिअरिंगवर भारतात बंदी आहे, असा समज सर्रास आहे. परदेशातून गाडी आणायची तर ती उजव्या स्टिअरिंगची हवी, ही अट खरी आहे. पण इथे आधीपासून नोंदवलेल्या गाडीला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं १२० वं कलम लागू होतं. ते म्हणतं की डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला दिशा दाखवणारं यांत्रिक किंवा विजेवरचं साधन चालू स्थितीत असल्याशिवाय ती सार्वजनिक जागी चालवू नये. यामागचं कारण अगदी रोकडं आहे. हाताने इशारा करायचा तो उजवा हात बाहेर काढून, आणि डावीकडे बसलेल्या माणसाचा उजवा हात बाहेर पोचतच नाही. तेव्हा चारही इंडिकेटर नीट चालत असतील, तर डावी जीप कायद्याने तुमच्या दारात उभी राहू शकते.

खरा पेच बदल करण्यात आहे. ५२ वं कलम सांगतं की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी आरसीतले तपशील जुळणार नाहीत, असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीवाचून केलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही ठरवलं. स्टिअरिंगची बाजू यात बसते की नाही, यावर गॅरेजच्या कट्ट्यावर चर्चा करू नका. मोशीच्या आरटीओत लेखी अर्ज द्या आणि उत्तरही लेखीच घ्या.

तिसरी तरतूद जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांसाठी. जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकीला ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क, मुदत दहा वर्षं. मात्र गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. शिवाय ती रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन भरणं आणि देखभाल, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. उजवीकडे स्टिअरिंग बॉक्स बसवायला चासीला नवी भोकं पाडलीत, ब्रॅकेट वेल्ड केलं, की हा रस्ता जवळजवळ बंद.

रस्ता: नाशिक फाटा वेगळा, तळेगाव वेगळं

डावी जीप चालवणं अवघड असतं का? रस्ता कोणता, यावर आहे. पिंपळे सौदागरहून वाकडला किंवा नाशिक फाट्याला जाताना मधे दुभाजक आहे. तिथे समोरून येणाऱ्या गाडीची चिंता नाही. त्रास होतो तो उजव्या मागच्या कोपऱ्यातून घुसणाऱ्या दुचाकींचा. उजवीकडे बाहेरच्या बाजूला मोठा आरसा लावला की तो बराच कमी होतो. घाटात तर डावं स्टिअरिंग सोयीचंच, दरीकडची कड नाकासमोर दिसते. मुळशीकडच्या चिखलवाटेवर, जिथे गाडी पहिल्या गिअरमध्येच चालते, तिथे बाजूने काही फरक पडत नाही.

तळेगाव-चाकण रस्त्यावर मात्र घाम फुटतो. रस्ता अरुंद, मधे दुभाजक नाही, आणि पुढे कंटेनर. उजव्या स्टिअरिंगचा चालक गाडी जराशी उजवीकडे काढतो, डोकावतो, समोरून कोणी येत असेल तर परत आत येतो. गाडीचा जेमतेम हातभर भाग बाहेर आला की त्याला समोरचं दिसतं. डाव्या जीपमध्ये तुमच्या डोळ्यांसमोर फक्त कंटेनरचं मागचं दार. समोरचं दिसावं म्हणून जवळजवळ अख्खी जीप समोरच्या लेनमध्ये न्यावी लागते. म्हणजे दिसेपर्यंत तुम्ही धोक्यात पोचलेले असता. पूर्वी या गाड्यांमध्ये शेजारी बसलेला माणूस पुढचं बघून ‘थांब’ किंवा ‘काढ’ म्हणायचा. एकट्याने चालवायची तर एकच उपाय: कंटेनरपासून बरंच मागे राहायचं म्हणजे कोन उघडतो, आणि तरीही शंका असेल तर ओव्हरटेक करायचंच नाही.

दिव्यांकडे तर कोणी बघतच नाही. डाव्या स्टिअरिंगच्या देशांतल्या हेडलाइटचा डिपर उजवीकडे जास्त उजेड टाकतो, कारण तिथे रस्त्याची कड उजवीकडे असते. आपल्याकडे तोच उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो. जीपचे गोल सात इंची दिवे आपल्या बाजूचे सहज मिळतात. स्टिअरिंग फिरवा अथवा ठेवा, हे दिवे आधी बदला.

लोखंड: सोपं दिसतं ते

आता गॅरेजात येऊ. जीपचे मीटर डॅशबोर्डच्या मधोमध असतात, गिअरचा दांडा मधे, छप्पर कापडाचं. म्हणून फिरवणं सोपं वाटतं. पण खाली वाकून बघा. डाव्या सीटखाली पेट्रोलची टाकी आहे. (लष्करी जीपमध्ये पेट्रोल भरायला चालकाला सीटवरून उठावं लागायचं.) क्लच आणि ब्रेकचे पेडल फ्लोअरखालून चासीला टांगलेले, ब्रेकचा मास्टर सिलिंडर तिथेच. हे सगळं उजवीकडे न्यायचं म्हणजे क्लचची जोडणी, ब्रेकचे पाइप आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या सळया पुन्हा आखाव्या लागतात. त्यातच पुढच्या डिफरन्शिअलचा गोळा आणि त्याला जाणारा प्रोपेलर शाफ्ट आधीच उजव्या बाजूला आहे. नवा ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सकडून पुढच्या चाकांकडे जाणारा दांडा, त्याला कुठेही घासता कामा नये. जीप उभी असतानाही नाही आणि खड्ड्यात पाटे पूर्ण दबल्यावरही नाही.

सगळ्यात नाजूक भाग स्टिअरिंग बॉक्सचा. डावीकडचाच बॉक्स उलटा करून उजवीकडे बसवला, तर चाक एकीकडे फिरवायचं आणि जीप भलतीकडे वळायची, असंही होऊ शकतं. म्हणून उजव्या हाताचाच बॉक्स हवा. पुढे महिंद्रच्या जीप उजव्या स्टिअरिंगने बनू लागल्या. त्यांचा बॉक्स, कॉलम, पेडलचा संच आणि चासीवरचं ब्रॅकेट एकाच गाडीतून पूर्ण मिळालं, तर काम बरंचसं जोडणीचं उरतं. तुकड्या-तुकड्यांनी जमवलं की ‘थोडं वेल्डिंग मारू’ सुरू होतं.

इथे मी अजिबात ऐकून घेत नाही. पिटमन आर्म, स्टिअरिंग आर्म, नकल हे भाग फोर्जिंगचे, उष्णता देऊन कणखर केलेले असतात. त्यांच्यावर वेल्डिंग केलं की जोडाशेजारचं पोलाद कुठे मऊ होतं, कुठे ठिसूळ. रंग मारल्यावर जोड छान दिसतो आणि एके दिवशी खड्ड्यात तुटतो. या भागांवर वेल्डिंग नाही म्हणजे नाही.

आणखी एक दोष गाडी उभी असताना दिसत नाही. पाटे दबतात तेव्हा पुढचा अ‍ॅक्सल एका कमानीत वरखाली होतो, ड्रॅग लिंकचं टोक दुसऱ्या कमानीत. कंपनीने दोन्हींचा मेळ घातलेला असतो. लिंकची लांबी किंवा टेकू बदलला आणि मेळ बिघडला, तर चाक घट्ट धरूनही प्रत्येक खड्ड्यात जीप स्वतःहून बाजूला ओढते. आपल्या रस्त्यांवर याचा अर्थ काय, ते सांगायला नको.

मधली वाट?

ब्रिटनमध्ये १९४७ मध्ये रोव्हर कंपनीच्या मॉरिस विल्क्स यांनी जीपच्याच चासीवर नमुना गाडी बनवली आणि चाक चक्क मधोमध ठेवलं. कोणत्याही देशात विका, बाजूचा प्रश्नच नको! ते वापराला गैरसोयीचं ठरलं. १९४८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात आलेल्या पहिल्या लँड रोव्हरचं चाक मधे नव्हतं. त्या घराण्याच्या गाड्या २०११ पासून आपल्या पिंपरीत जोडल्या जातात. स्वीडनने तर तिढा वेगळ्याच तऱ्हेने सोडवला. तिथे लोक रस्त्याच्या डावीकडून चालवत, पण बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंगही डावीकडेच, म्हणजे आपल्या जुन्या जीपसारखीच गत. ३ सप्टेंबर १९६७ रोजी त्यांनी गाड्या तशाच ठेवून अख्ख्या देशाचा रस्ता उजवीकडे नेला. आपल्याकडे ती सोय नाही. गाडीवरच निर्णय घ्यावा लागतो.

दोन जीप, दोन उत्तरं

सध्या अशा दोन जीप माझ्या माहितीत आहेत. पहिली एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांची: हाय बॉनेट, मूळ पेट्रोल इंजिन, मूळ चासी, पन्नाशी केव्हाच ओलांडलेली. त्यांना मी स्पष्ट सांगितलं, “साहेब, हिला हात लावू नका.” दिवे बदलले, इंडिकेटर आणि आरसे नीट केले, व्हिंटेज नोंदणीची कागदपत्रं जमवायला सांगितलं. रविवारी रॅलीला न्यायची, बाकी दिवस झाकून ठेवायची. या जीपची किंमत तिच्या मूळपणात आहे. स्टिअरिंग फिरवलं की ती नुसती जुनी जीप उरते.

दुसरी कऱ्हाडकडून आलेली, त्या हिंजवडीवाल्या पोराची. तिच्यात फार पूर्वीच मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसलेलं आहे, गिअरबॉक्स वेगळा आहे, मागचा हौदाही नवा. मूळपण गेलेलंच आहे आणि त्याला ती दर शनिवारी तळेगावमार्गे मावळात न्यायची आहे, बहुतेक वेळा एकट्याने. त्याला मी म्हणालो, “तू फिरव. पण आधी आरसीत डिझेल इंजिनाची नोंद आहे का बघ. ती नसेल तर स्टिअरिंगचा विषयच नंतर.” नोंद निघाली. मग आरटीओत अर्ज गेला. लेखी परवानगी हातात आल्याशिवाय बोल्ट सैल करायचा नाही, हे त्याने कबूल केलं आहे. उजव्या स्टिअरिंगच्या एकाच जीपमधून पूर्ण संच शोधायचं काम तोवर चालू आहे.

काम झाल्यावर ताब्यात घेताना काय बघायचं, हेही त्याला लिहून दिलं आहे. नियमाप्रमाणे स्टिअरिंगचा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नको. माझ्या मते नव्या जोडणीत त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी हवा. चाक दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून लिंक, टायर किंवा ब्रेकचा पाइप कुठे घासतो का, ते गाडीखाली झोपून बघायचं. पुढच्या पाट्यांवर चांगलं वजन टाकून तेच पुन्हा बघायचं. मग मोकळ्या जागी हळू वेगात स्पीडब्रेकरवरून न्यायची. चाक सरळ धरलेलं असताना जीप बाजूला ओढली, तर बिल न देता गॅरेजात परत. आणि पहिले काही महिने दर रविवारी सगळे नट, स्प्लिट पिना, बॉल जॉइंट हाताने तपासायचे. एवढं करायची तयारी नसेल, तर डावीकडेच बसावं आणि कंटेनरच्या मागे शांतपणे चालावं.