तासांची वही

पहाटे साडेपाच

मानपत्रांचे मसुदे आज साडेनऊला छापायला द्यायचे आहेत. चहा घेऊन लगेच तेच पुढ्यात ओढते. आज ५ डिसेंबर. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं १९८५ साली हा दिवस स्वयंसेवकांचा म्हणून ठरवला. रत्नागिरीतली आमची संस्था लहान आहे. वर्षभरात ज्या कंपन्यांनी कामाला पैसा दिला आणि ज्या माणसांनी अंगमेहनत दिली, त्यांचा सत्कार आम्ही याच संध्याकाळी एकाच व्यासपीठावर करतो.

मसुद्यांत विशेषणं फार झाली आहेत. थोर, दानशूर, निःस्वार्थ, समाजभूषण. नाव बदललं की हीच विशेषणं दुसऱ्या कुणालाही चालतात, म्हणजे ज्याचा सत्कार आहे त्याच्याबद्दल ती काहीच सांगत नाहीत. मी ती खोडते आणि तिथे लिहिते: काय दिलं, कुठे दिलं, किती काळ दिलं, त्यातून काय झालं.

असं कसं लिहावं याचा उत्तम नमुना महाराष्ट्रातच आहे, सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्यानं ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून दिले. त्यातले २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायसंघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजानं, उरलेले १,००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत द्यायचं नाही, व्याजातूनच भिक्षूंचा चिवरांसारखा खर्च चालवायचा. हे सगळं निगमसभेत ऐकवलं आणि नोंदवलं, हेही तिथे कोरलेलं आहे. देणाऱ्याचा मान राहिला, आणि ज्यांच्याकडे पैसा ठेवला त्यांच्यावरची जबाबदारीही चारचौघांत पक्की झाली. मानपत्राकडून मला एवढंच हवं असतं.

सकाळी सात

पावसच्या रस्त्यावरून आत एका वाडीत पोचले. पऱ्यावर, म्हणजे लहान ओढ्यावर, वनराई बंधारा बांधायचं काम चालू आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत वाड्यांना टँकर लागतो, हे घाटावरच्या पाहुण्यांना पटता पटत नाही. पण आमचा जांभा पाणी धरून ठेवत नाही. उतार समुद्राकडे, पाऊस चार महिन्यांत संपतो आणि पाणी निघून जातं. म्हणून पावसाळा सरल्यावर पऱ्याला जेव्हा बारीक धार उरते, तेव्हा ती अडवायची.

सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणायच्या, त्यांत माती-वाळू भरायची, सुतळीनं तोंडं शिवायची आणि विटांसारखे सांधे मोडत थरावर थर रचायचे. फटींत चिखलमाती दाबायची. काही दिवसांत पाणी तुंबतं, काठच्या विहिरींची पातळी टिकते, गुरांना पाणी मिळतं, वाडीतल्या बायकांना परसात भाजी करता येते. हा बंधारा पुढच्या पावसाळ्यात वाहून जातो. पुढच्या वर्षी पुन्हा बांधावा लागतो, आणि पुन्हा तीच माणसं पाण्यात उतरतात.

थोडं वर, विहिरीपाशी, एका कंपनीनं पंप आणि पाइपलाइन दिली आहे. तिथे पंपघराच्या भिंतीवर कंपनीच्या नावाची संगमरवरी पाटी आहे. ती असावी, मला त्यात काही गैर वाटत नाही. पण गोण्यांच्या बंधाऱ्याला पाटी कुठे लावणार? ज्यांच्या हातांनी तो उभा राहिला त्यांची नावं पहिल्याच पुरात जातात. या श्रमाची नोंद दुसरीकडे कुठे तरी व्हायला हवी, असं मला दर वर्षी इथे उभी राहिले की वाटतं.

राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं आली आहेत. त्यांचे प्राध्यापक प्रत्येकाचे तास डायरीत मांडतात. या योजनेत वर्षाला १२० आणि दोन वर्षांत २४० तासांचं काम विद्यार्थ्यानं करायचं असतं, शिवाय सात दिवसांचं शिबिर. १९६९ साली ही योजना सुरू झाली तेव्हापासून कॉलेजातली मुलं गावात राबतात, आणि निदान त्यांच्या राबण्याचा हिशेब तरी कागदावर आहे. वाडीतल्या बायकांचा मात्र कुठेच नाही.

त्यांच्यातल्या एका काकींना संध्याकाळच्या सत्काराची आठवण करून दिली. त्यांनी गोणी खाली ठेवली.

“ताई, माझा कसला सत्कार? गोणी सगळ्यांनीच भरल्यान.”

“सगळ्यांच्या वतीनं घ्या, काकी.”

“मग नावं पण सगळ्यांची वाचा. मी एकटी नाय येणार.”

मी तिथेच त्यांच्या बचत गटाच्या रजिस्टरमधून नावं उतरवून घेतली. काही पुरुषांची नावं त्यांनी तोंडी सांगितली, आडनावासकट, वाडीसकट.

सकाळी साडेनऊ

कार्यालयात. हा वेळ कागदांचा. ज्यांचा संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४पासून लागू झालं. ज्या कंपनीचं नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त, तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर (सीएसआर) खर्च करायची. २०२१च्या दुरुस्तीनंतर न खर्चलेली रक्कम नुसती अहवालात कारण देऊन ठेवून घेता येत नाही. चालू प्रकल्पाची असेल तर वेगळ्या खात्यात, नसेल तर कायद्यात सांगितलेल्या निधीत भरावी लागते. आमच्यासारख्या संस्थेनं सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी केलेली असावी लागते, उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं, पैशाचा माग शेवटपर्यंत दाखवावा लागतो.

मग प्रश्न येतो, आणि संस्थेच्या बैठकीत तो दर वर्षी कुणी तरी विचारतंच: कायद्यानं द्यावेच लागणारे पैसे दिले, त्याचा सत्कार कशाला?

माझं उत्तर ठरलेलं आहे. कायदा रक्कम सांगतो, आपल्या परिसराला प्राधान्य द्या म्हणतो. मे महिन्याच्या उन्हात पाइपलाइनच्या आखणीवर पायी चालत जा, असं तो सांगत नाही. आज ज्या कंपनीला आम्ही बोलावलं आहे तिचे अभियंते तसे चालले. पंप कुठे बसवायचा ते वाडीला विचारून ठरवलं. उद्घाटनाची फीत कापून झाल्यावर वर्षभरानं पंप बिघडला तेव्हा ते दुरुस्तीलाही आले. आमच्या मानपत्रात रक्कम एका ओळीत आहे आणि हे सगळं चार ओळींत. सत्कार या चार ओळींचा आहे.

याच कायद्याच्या अंमलबजावणीत एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. कर्मचाऱ्यांना अशा कामात सहभागी करून घ्यावं, असं कंपनी व्यवहार मंत्रालय म्हणतं, पण त्यांनी विनामूल्य दिलेल्या वेळेची किंमत रुपयांत काढून ती सीएसआर खर्चात धरता येत नाही, हेही त्याच स्पष्टीकरणात आहे. नियम म्हणून ते योग्यच. नाही तर उद्या वृक्षारोपणाच्या एका सकाळचे लाखो रुपये दाखवले जातील. पण त्यामुळे असं झालं आहे, की पैशाला लेखापरीक्षक आहे, अहवाल आहे, दंड आहे, आणि वेळेला काहीच नाही. दिलेल्या तासांसाठी जाहीर कौतुकाखेरीज दुसरी नोंदवही नाही. म्हणूनच ते कौतुक नेमकं असलं पाहिजे.

मध्येच एका कंपनीच्या अधिकाऱ्यांचा फोन येतो. व्यासपीठामागच्या फलकावर त्यांचं बोधचिन्ह जरा मोठं करता येईल का? मी शांतपणे सांगते, सगळ्या कंपन्यांची नावं एकाच आकारात आहेत आणि स्वयंसेवकांचीही त्याच आकारात. शिवाय जाहिरातीच्या लाभासाठी दिलेलं प्रायोजकत्व नियमांनुसार सीएसआरमध्ये बसतच नाही. ते ऐकून घेतात, संध्याकाळी येतो म्हणतात.

साडेअकरा

रामआळीत शाली घ्यायला. सगळ्या एकाच जातीच्या, एकाच किमतीच्या. नारळ वाडीतूनच आले आहेत.

परतताना पतितपावन मंदिरावरून आले. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना, १९३१ साली, हे मंदिर सर्व जातींच्या हिंदूंसाठी उघडलं, आणि त्याचा खर्च भागोजीशेठ कीर यांनी केला. रत्नागिरीतल्या गरीब भंडारी घरातला हा मुलगा मुंबईला गेला, बांधकामाच्या धंद्यात मोठा झाला आणि कमावलेलं गावाकडे घेऊन आला. दादरच्या शिवाजी पार्कजवळच्या स्मशानभूमीलाही त्यांचं नाव आहे. त्यांच्या देणगीनं भिंती उभ्या राहिल्या. पण जातीबाहेर टाकण्याची धमकी झेलून जी माणसं त्या काळी सहभोजनाच्या पंगतींना बसली, त्यांच्याशिवाय त्या भिंतींना अर्थ आला नसता. कीरांचं नाव शहर विसरलं नाही, हे चांगलंच आहे. पंगतीतल्यांची नावं मात्र आज रत्नागिरीत किती जणांना सांगता येतील?

गोगटे-जोगळेकर महाविद्यालयाचं नाव घेताना विद्यार्थी रोज दोन देणगीदारांचा उच्चार करतात. श्रमाचं नाव इतकं टिकलेलं उदाहरण या जिल्ह्यात शोधायचं तर मी देवरुखला जाईन. १९५४ साली इंदिराबाई हळबे यांनी तिथे मातृमंदिर सुरू केलं, बाळंतिणींच्या सेवेपासून. लोकांनी त्यांना कुठली पदवी दिली नाही, मावशी म्हटलं. जिल्ह्यात अजूनही ‘मावशी हळबे’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही.

दुपारी दोन

वाडीहून आणलेल्या डब्यातला भात आणि कुळथाची पिठी खाऊन सभागृहात. निवेदिका कॉलेजातली मुलगी आहे, तयारीची. तिच्याबरोबर प्रत्येक नाव मोठ्यानं म्हणून घेतलं. नाव चुकीचं उच्चारलं की सत्काराचा अर्धा आनंद जातो.

काकींनी दिलेली यादी बघून ती म्हणाली, “बाई, एवढी नावं वाचायला वेळ कुठून आणायचा?”

पाहुण्यांच्या भाषणातून. अध्यक्षांना फोन केला, त्यांनी आपलं मनोगत पाच मिनिटांवर आणायला लगेच होकार दिला.

क्रम असा ठेवला: आधी स्वयंसेवक, मग कंपन्या. एका विश्वस्तांचा विरोध होता. देणगीदार दुखावतील, पुढच्या वर्षीचं काय, असं त्यांचं म्हणणं. त्यांची काळजी मी हलकी मानत नाही, संस्था चालवायला पैसा लागतोच. पण २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीनं चिपळूण बुडवलं, तेव्हाचे दिवस मी त्यांना आठवायला सांगितले. मदतीचे ट्रक कुठून आले, कुणी काय पाठवलं, याच्या याद्या झाल्या. पण बाजारपेठेतल्या दुकानांतला, घरांतला गुडघाभर चिखल ज्यांनी घमेल्यांनी उपसला, बाहेरगावाहून येऊन मिळेल तिथे झोपले आणि काम संपल्यावर निघून गेले, त्यांची यादी कुणाकडे आहे? विश्वस्त थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “ठीक आहे, आधी स्वयंसेवक.”

संध्याकाळी सहा

सभागृह भरलं. वाडीतली माणसं एसटीनं आली, सगळी. काकी नव्या साडीत पहिल्या रांगेत.

रक्तदाते झाले. सरकारी रुग्णालयात रुग्णांच्या नातेवाइकांसाठी आठवड्यातून दोन दिवस डबे पोचवणारं जोडपं झालं. मग बंधाऱ्याचं मानपत्र. निवेदिकेनं सावकाश एकेक नाव वाचलं आणि ते ते माणूस जागेवर उभं राहिलं. यादी संपली तेव्हा डाव्या बाजूच्या चार रांगा उभ्या होत्या. काकींनी शाल घेतली ती सगळे उभे राहिल्यावरच.

कंपनीचं मानपत्र त्याच वाडीतल्या नववीतल्या मुलीनं वाचलं आणि शाल तिच्या आईनं दिली. पाणी घरापाशी आल्यामुळे सकाळी शाळेआधी हंडे आणावे लागत नाहीत, हे त्या मुलीनं स्वतःच्या शब्दांत जोडलं. कंपनीचे अधिकारी उत्तराच्या भाषणात रकमेबद्दल बोलले नाहीत. पंप दुरुस्त करायला रविवारी गेलेल्या त्यांच्या दोन तंत्रज्ञांची नावं त्यांनी घेतली आणि त्यांना व्यासपीठावर बोलावलं. ते दोघं मागच्या रांगेत बसले होते. त्यांच्यासाठी शाल आणलेली नव्हती, तेव्हा अध्यक्षांनी आपली काढून एकाला दिली आणि अधिकाऱ्यांनी आपली दुसऱ्याला.

रात्री नऊ

खुर्च्या आवरून झाल्या. समारंभाचा खर्च रात्रीच लिहून काढते. शाली, छपाई, चहा, एसटीचं भाडं. यातला एकही रुपया प्रकल्पासाठी आलेल्या निधीतून जात नाही, तो सदस्यांच्या वर्गणीतून येतो. लोकांच्या पाण्यासाठी दिलेले पैसे सत्कारावर खर्च करणं मला कधीच मान्य होणार नाही.

मग दुसरी वही उघडते. तारीख, नाव, गाव, काम, तास, असे पाच रकाने. आजच्या बंधाऱ्याची सगळी नावं तिच्यात चढवते. हीच वही नसती तर आज संध्याकाळी आमच्याकडे वाचायला विशेषणंच उरली असती.

तुमच्या मंडळात, देवस्थानात, शाळेच्या समितीत, वाचनालयात पावतीपुस्तक नक्की आहे. त्याच्या शेजारी अशी एक वही ठेवा. जो झाडू मारतो, जो रात्री रुग्णाला गाडीतून नेतो, जी शाळेत फुकट शिकवते, जे पुरात उतरतात, त्यांचे तास त्याच दिवशी लिहा. आणि वर्षातून एकदा, सगळ्यांसमोर, ती नावं पूर्ण वाचा.