लाकडी साकव आणि अवजड यंत्रे

भातकापणीचा हंगाम येताच कोकणात ट्रॅक्टर, मळणीयंत्रे व अलीकडे कापणीयंत्रेही वहाळापलीकडील खाचरांकडे निघतात. वाटेवरच्या लाकडी साकवाने वर्षानुवर्षे बैलगाड्या पेलल्या, तेव्हा तो ट्रॅक्टरही पेलील, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. हा समज प्राणघातक आहे.

भरलेली बैलगाडी साधारणतः एक ते दीड टनाची असते. ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर नुसताच सुमारे दोन टन भरतो. त्यातील निम्म्याहून अधिक भार मागील दोन चाकांवर असतो. मागे अवजार उचललेले असल्यास तो आणखी वाढतो. असा एके ठिकाणी एकवटलेला भार साकवाच्या मध्यावर आला की, तेवढ्याच पसरलेल्या भाराच्या दुप्पट जोराने तो तुळई वाकवितो. भरलेल्या ट्रॉलीविषयी तर बोलावयासच नको.

तुळई बहुधा कुजते ती काठावर टेकलेल्या टोकांशी, जेथे माती व पाला साचून ओल टिकते. वरच्या फळ्या मात्र शाबूत दिसतात. २० सेंटिमीटर उंचीच्या तुळईचा वरचा ५ सेंटिमीटर भाग कुजला, तर तिचे बळ पाऊणपट राहील असे वाटते. प्रत्यक्षात ते निम्म्याहून थोडेच अधिक उरते. त्यातच ओले लाकूड कोरड्याहून दुबळे. म्हणजे चार महिने भिजलेला साकव सर्वांत अशक्त असतो, नेमकी तेव्हाच यंत्रे येतात.

पाऊस सरताच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गावच्या सुतारास घेऊन साकवाखाली उतरावे. तुळईच्या टोकांत टोचा सहज शिरला, किंवा हातोडी मारता बद्द आवाज आला, तर लाकूड कुजले असे समजावे. टोचा शिरला नाही, एवढ्यावरून मात्र यंत्रास परवानगी देऊ नये. साकव किती भार सोशील, हे जिल्हा परिषदेच्या बांधकाम अभियंत्याकडून लेखी घ्यावे.

भाड्याची यंत्रे पुष्कळदा परगावाहून येतात. त्या चालकास साकवाची स्थिती कोठून ठाऊक असणार? ट्रॅक्टर उलटल्यास तो खाली दडपला जातो, आणि मग गुडघाभर पाणीही जीव घेण्यास पुरते. नुसती पाटी रात्री दिसत नाही. म्हणून साकवाच्या दोन्ही तोंडांशी, ट्रॅक्टर शिरणार नाही इतक्या अंतरावर दोन भक्कम खांब पुरावेत, त्यांना पांढरा रंग द्यावा, आणि यंत्र ठरवितानाच मालकास लांबची पक्की वाट सांगून ठेवावी.